वाचकांचे प्रश्न : वूफरच्या पेटीची तिरकी कड कशी कापावी?

प्रश्न : माझ्या हॅचबॅक गाडीच्या डिकीत बसणारी वूफरची (खालच्या, जड आवाजाच्या स्पीकरची) पेटी मी घरीच तयार करत आहे. मागच्या सीटची पाठ कलती असल्यामुळे पेटीची सीटकडची बाजूही तशीच कलती हवी. पेटीची उंची 350 मिमी, तळाची खोली 400 मिमी आणि वरची खोली 260 मिमी ठरवली असून फळ्या 18 मिमी जाडीच्या घेणार आहे. कोनमापकाने सीटचा कोन 68 अंश भरतो. परंतु माझ्या गोल पात्याच्या करवत मशीनवर 45 च्या पुढे आकडेच नाहीत. 45 अंशांवर एक तुकडा कापून पाहिला, तो बसत नाही. काय करावे? शिवाय आपल्याकडच्या हवेत एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू राळेने दाबून केलेली फळी) घ्यावे की प्लायवूड?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपले कोनमापक बरोबर आहे आणि मशीनही बरोबर आहे, दोघे कोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजतात, एवढेच. कोनमापक डिकीच्या जमिनीपासूनचा कोन दाखवते, तर मशीनवरचे शून्य म्हणजे पाते फळीला काटकोनात उभे असणे, आणि तिथून ते जितके कलेल तितके अंश पट्टीवर दिसतात. म्हणून 90 मधून 68 वजा करून उरणारे 22 अंश मशीनवर लावावेत. आपल्या मापांवरूनही हाच आकडा निघतो : तळ आणि वर यांच्या खोलीतला फरक 140 मिमी, त्याला 350 ने भागले की 0.4, आणि 0.4 हा स्पर्शक असणारा कोन 21.8 अंशांचा असतो.

खरी गफलत होते ती दिशेत, आणि नेमक्या याच ठिकाणी चांगली फळी वाया जाते. तळाची फळी आणि वरची फळी या दोन्हींची सीटकडची कड 22 अंशांनीच कापायची असते. मात्र पेटी वर निमुळती होत जात असल्यामुळे दोन्ही फळ्यांचा जमिनीकडे तोंड असलेला पृष्ठभाग मोठा राहायला हवा. तळाच्या फळीचा हा पृष्ठभाग पेटीच्या बाहेर येतो आणि वरच्या फळीचा तोच पृष्ठभाग पेटीच्या आत येतो. दोन्ही फळ्या ‘बाहेरची बाजू मोठी’ असे धरून कापल्या, तर तळाची कड नीट बसते आणि वरची उलट्या दिशेला उघडी पडते. कापण्यापूर्वी प्रत्येक फळीवर ‘आत’, ‘बाहेर’ आणि ‘वर’ असे पेन्सिलीने ठळक लिहून ठेवावे. 18 मिमी जाडीवर या कलामुळे दोन पृष्ठभागांच्या लांबीत साधारण 7 मिमी फरक पडतो. तो दिसला की कोन जमला असे समजावे.

कलती फळी बाकीच्या फळ्यांच्या कडांवर बाहेरून बसवणार असाल, तर तिची उंची 350 नव्हे, 377 मिमी लागेल, कारण ती तिरपी मोजली जाते. तिच्याही वरच्या आणि खालच्या कडा 22 अंशांनीच, परंतु एकमेकींना समांतर कापाव्यात. 18 मिमीची ही फळी तिरपी उभी राहिल्यावर आडव्या मापात 19.4 मिमी जागा घेते. तेवढी जागा तळाच्या, वरच्या आणि बाजूच्या फळ्यांच्या खोलीतून आधीच वजा करावी. बाजूच्या दोन्ही फळ्यांना कलता काप लागत नाही. त्या एकावर एक क्लॅम्पने आवळून पाते सरळ ठेवून एकदमच कापाव्यात, म्हणजे दोन्ही हुबेहूब निघतात.

मशीन मोकळ्या हाताने चालवू नये. फळीवर सरळ पट्टी क्लॅम्पने बसवून तिच्या आधाराने ते सरकवावे. पाते कलते केल्यावर मशीनच्या बैठकीच्या कडेपासून कापापर्यंतचे अंतर बदलते, म्हणून ते अंतर टाकाऊ तुकड्यावर प्रत्यक्ष कापूनच मोजावे. रेघेबाहेर एखादा मिलिमीटर राखून कापावे आणि उरलेले रंध्याने उतरवावे. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असून त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ असते. तेव्हा हे काम चांगला मास्क लावून उघड्या अंगणातच करावे, बंद खोलीत मुळीच नको.

एक-दोन अंशांची चूक झाली म्हणून फळी टाकून देऊ नये. 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर असते, त्यामुळे एवढ्याशा पेटीत भिंतीच्या कलाने वूफरच्या आवाजात फरक पडत नाही. कल हवा तो केवळ डिकीतली जागा वाया जाऊ नये म्हणून. आवाज बिघडतो तो फटीतून हवा सुटल्याने. फट राहिलीच तर भुसा आणि फेविकॉल यांचा लगदा तिच्यात दाबून भरावा, आतल्या कोपऱ्यात लाकडी पट्टी चिकटवावी आणि सर्व सांध्यांवर आतून सिलिकॉनची रेघ ओढावी. सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण गेल्यावरच स्पीकर बसवावा.

आता साहित्याविषयी. एमडीएफ सगळीकडे एकसारखे घट्ट असते, कापाची कड गुळगुळीत निघते, आणि म्हणून पेट्यांसाठी ते सर्वत्र वापरले जाते. तरीही गोव्यात, जून ते सप्टेंबर डिकीत ओल्या छत्र्या आणि चिखलाच्या चपला असणारच, हे लक्षात घेता मी आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारे, प्लायवूड घेण्याचा सल्ला देईन, ते महाग पडत असले तरी. एमडीएफची कापलेली कड पाणी शोषून फुगते, आणि तिरक्या कापात उघडी कड अधिक रुंद होते. एमडीएफच घ्यायचे असेल, तर पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल प्रत्येक कापलेल्या कडेवर दोनदा लावून वाळवावा आणि बाहेरून रंग द्यावा. कोणतीही फळी घेतली तरी स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडावे, नाहीतर कड उभी चिरते.

पेटी बंद प्रकारची (हवेसाठी मुद्दाम भोक न ठेवलेली) असेल, तर स्पीकर बसवल्यावर त्याचा पडदा दोन्ही हातांनी हलकेच आणि समतोल आत दाबून सोडावा. तो सावकाश जागेवर आला तर सांधे हवाबंद आहेत. झटकन परतला तर कुठेतरी हवा सुटते आहे, आणि तपासाची सुरुवात वरच्या तिरक्या कडेपासून करावी. पेटी डिकीत नुसती ठेवू नये, लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला पक्की बांधावी. चोर्ला घाटातल्या वळणावर एवढे वजन सुटून सीटवर आदळणे धोक्याचे आहे.