गाडीचा दवाखाना : गार्ड, लाइट बार आणि आरसीवरची नोंद

प्रश्न : मी जुनी एसयूव्ही घेतली आहे. आधीच्या मालकाने पुढे लोखंडी गार्ड, टपावर एलईडी बार, हेडलाइटला जास्त वॉटचे बल्ब आणि 215/75 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 टायर घातलेत. गार्डमुळे गाडी सेफ होते म्हणतात. पावसात मित्रांबरोबर गगनबावड्याला जायचंय. पासिंगच्या वेळी यातलं काय काय काढावं लागेल?
— एक वाचक, कदमवाडी

उत्तर : भावा, ‘पासिंगच्या वेळी’ म्हणजे नंतर परत बसवायचा बेत दिसतोय. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा खेळ नेहमीचाच. सकाळी गार्ड उतरतो, दुपारी पासिंग होतं, संध्याकाळी तोच गार्ड परत नटबोल्टवर. वेल्डर आणि लेथवाले आमच्याकडे एकापेक्षा एक आहेत, सांगाल तसला पाइप वाकवून देतील. पण पाइप किती मजबूत आहे हा मुद्दाच नाही.

गाडीचं नाक चेपण्यासाठीच बनवलेलं असतं. ते चेपताना धडकेचा जोर खातं, म्हणून आत बसलेल्याला हिसका कमी लागतो. गार्ड बोल्टने थेट चेसीला आवळलेला, त्यामुळे तो न चेपता धक्का तसाच मागे पाठवतो. एअरबॅग असल्या तर आणखी पंचाईत. गाडीचा वेग किती झटक्यात तुटला, हे सेन्सर मोजतो. गार्डने ते गणित बिघडलं की बॅग उशिरा फुटेल किंवा फुटणारच नाही. आणि समोर पायी माणूस आला तर त्याच्या मांडीला प्लास्टिकचा बंपर नाही, लोखंड लागणार. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच सगळ्या राज्यांना कळवलंय की हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरुद्ध आहेत. तेव्हा गार्ड काढा आणि भंगारात घाला.

आता लाइट. हा माझा रोजचा धंदा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या गाडीत बहुतेक एच 4 बल्ब असेल, कंपनीचा 60/55 वॉटचा, म्हणजे हाय बीमला 60, लो बीमला 55. त्या जागी 100/90 चा टाकला की लो बीमलाच साडेचारऐवजी साडेसात अँपिअर करंट लागतो, आणि तोही त्याच बारीक वायरीतून, त्याच होल्डरमधून. बॉनेट उघडा आणि बल्बामागचा तीन पिनांचा होल्डर ओढून बघा. पांढरा होल्डर तपकिरी पडलाय, एका पिनेभोवती प्लास्टिक फुगलंय, वायर नखाने दाबली की कडकन तुटते, असं दिसलं तर आग लागायची तेवढीच बाकी आहे. बहुतेक ठिकाणी लाइट बारची वायरसुद्धा मूळ वायर सोलून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली सापडते. जास्तीचा करंट वेगळ्या वाटेने नेणारा रिले नाही, फ्यूज नाही.

बल्ब बदलून एलईडी टाकू का, हे तुमचं पुढचं पत्र असेल, म्हणून आताच सांगतो. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एच 4 मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली छोटी पत्र्याची वाटी असते, ती उजेडाची वरची कड कापते. स्वस्त एलईडीत उजेड त्या जागेवरून निघतच नाही. रात्री भिंतीसमोर पाचसात मीटरवर गाडी लावून लो बीम लावा. कंपनीच्या बल्बाची रेघ स्वच्छ दिसते, डावीकडे जरा वर चढलेली. या एलईडीची नुसती पांढरी राख उधळलेली दिसते, आणि ती समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाते. गगनबावड्याच्या धुक्यात टपावरचा बार लावला तर समोर पांढरा पडदा उभा राहील. तिथे लो बीम आणि बंपरातले खाली बसवलेले फॉग लॅम्प कामाचे.

टायरचं गणित साधं. मूळ चाकाची उंची सुमारे 703 मिलिमीटर, आताची 733. म्हणजे चार टक्क्यांनी मोठं. काट्यावर 80 दिसतील तेव्हा गाडी 83 च्या पुढे असेल, आणि तेच ब्रेक मोठं चाक थांबवायला जास्त राबतील. 235 हे माप कंपनीने तुमच्याच मॉडेलला कुठल्या व्हेरियंटमध्ये दिलं असेल तर बोलायला जागा आहे, नसेल तर मूळ मापावर या.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलं गेलं.

प्रश्न : उन्हाचा त्रास होतो. हलकी फिल्म चालते ना?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मूळ काचेतून पुढे-मागे 70 टक्के आणि बाजूने 50 टक्के उजेड आत यायला हवा. वरून चिकटवलेली काळी फिल्म, हलकी असली तरी, 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. नंतर नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर दिलेली काच, आलं आणि त्यावर वाद सुरू आहेत, पण ते वाद चौकातल्या हवालदारासमोर घालण्यात अर्थ नाही. गाडी सावलीत लावा.

प्रश्न : सीएनजी किट बसवलेली जुनी हॅचबॅक मिळतेय. आरसीवर फक्त पेट्रोल लिहिलंय. विकणारे काका म्हणतात, ‘सगळे असंच चालवतात.’ घेऊ का?
— एक शिक्षिका, रुईकर कॉलनी

उत्तर : ताई, सीएनजीला कायद्यात मुभा आहे, पण किट त्या मॉडेलसाठी मंजूर हवं, मान्यताप्राप्त फिटरने बसवलेलं हवं आणि आरसीवर नोंद हवी. नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. विम्यातही किट वेगळं लिहून घ्यावं लागतं, त्याचा थोडा जादा प्रीमियम पडतो.

सिलिंडरमध्ये 200 बारच्या आसपास दाब असतो, तुमच्या टायरमध्ये सव्वादोन. म्हणून दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. काकांकडे तो दाखला मागा आणि त्यावरचा नंबर सिलिंडरवर ठोकलेल्या नंबराशी जुळवा. डिकीत सिलिंडरच्या तोंडाशी, व्हॉल्व्हवर, गॅस गळला तर बाहेर सोडणारी पिशवी आणि गाडीखाली जाणारे नळीचे पाइप असतात. सामान ठेवायला अडचण होते म्हणून लोक तेच काढून टाकतात. ते नसेल तर जाग्यावर बसवून घेईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवायची, गॅस भरायचाच नाही. आणि आरसीवरची सीएनजीची नोंद काकांनी त्यांच्या नावावर असतानाच करून द्यावी, तोवर विसार सोडून एक रुपया हातावर ठेवू नका.