'किमी 14/600' ही नोंद नकाशावर नेमकी कुठे टाकायची?

तुमच्याकडे रस्त्याखालच्या मोऱ्यांची यादी 'किमी 14/600' अशा साखळी क्रमांकांनी (रस्त्यावरचं अंतर सांगणाऱ्या आकड्यांनी) आहे. रस्त्याची रेघ पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये आहे. 14600 ला एकूण लांबीने भागून तो अपूर्णांक एसटी_लाइनइंटरपोलेटपॉइंटला (रेघेवर तेवढ्या अपूर्णांकावरचा बिंदू देणाऱ्या फंक्शनला) दिला, तर मोऱ्या शंभरेक मीटर सरकतात, असं तुम्ही विचारलंय. फंक्शन त्याचं काम चोख करतंय. चूक एवढीच की 14/600 म्हणजे सुरुवातीपासून 14600 मीटर असं आपण धरून चालतो. त्याचा खरा अर्थ '14 च्या दगडापुढे 600 मीटर' असा आहे, आणि हे किलोमीटरचे दगड काही दर हजार मीटरवर बसलेले नसतात. वळणं काढली, एखादं गाव वळसा घालून टाळलं, तरी पुढचे दगड जिथल्या तिथे राहतात.

माझ्याकडच्या एका घाटरस्त्यावर 14 चा दगड रेघेवर 14130 मीटरला निघाला आणि 15 चा 15090 ला. म्हणजे मधे 960 मीटरच, म्हणून 600 हे या अंतराचे सहा दशांश धरायचे. मग 14/600 ची जागा 14130 अधिक 960 चे सहा दशांश, म्हणजे 14706. सरधोपट हिशेबापेक्षा 106 मीटर पुढे. सपाटीवर हे खपलं असतं, घाटात मोरी वळणाच्या पलीकडे जाते.

म्हणून आधी दगड बसवा. प्रत्येक दगडाचं जीपीएस वाचन घ्या आणि एसटी_लाइनलोकेटपॉइंटने रेघेवरचं त्याचं स्थान काढा (उत्तर 0 ते 1 मध्ये येतं, त्याला लांबीने गुणा). मग एसटी_लाइनसबस्ट्रिंगने दगड ते दगड तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला एसटी_अ‍ॅडमेझरने 14 ते 15 असं माप चढवा आणि तुकडे क्रमाने पुन्हा जोडा. आता एसटी_लोकेटअलाँगला थेट 14.6 विचारा, बिंदू हातात. खराब पृष्ठभाग, संरक्षक भिंत अशा 'पासून-पर्यंत' नोंदींना एसटी_लोकेटबिट्वीन.

घाटात आणखी एक फसगत होते. मी एकदा दगड क्रमांक 22 रेघेवर बसवला आणि तो 21 च्या अलीकडे गेला! नागमोडी वळणाचे दोन पदर जवळजवळ होते, जीपीएस थोडं भरकटलं, आणि फंक्शनने जवळचा म्हणून खालचा पदर उचलला. तेव्हापासून पूर्ण रेघेवर शोधत नाही. आधीच्या दगडापासून पुढचा दीडेक किलोमीटर कापून घेतो आणि त्यातच शोधतो.

रेघ 4326 मध्ये (अक्षांश-रेखांशाच्या संदर्भप्रणालीत) असेल तर लांबी अंशांत येते, तिला मीटर समजू नका. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला 32643 (यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीचा 43 वा पट्टा) चालतं. पण 78 रेखांशाच्या पूर्वेला यूटीएमचा पट्टा बदलतो, त्यामुळे नागपूरहून निघणाऱ्या समृद्धीसारखा रस्ता एका पट्ट्यात मावत नाही. पोस्टजीआयएस 3.4 पासून लोकेट, इंटरपोलेट आणि सबस्ट्रिंग ही तिन्ही जिओग्राफीवरही (अक्षांश-रेखांश तसेच ठेवून मीटरमध्ये मोजणाऱ्या डेटा-प्रकारावरही) चालतात, तिथे तेच बरं. रेघ अनेक तुकड्यांची असेल तर एसटी_लाइनमर्ज करा. त्यानंतरही एकसंध होत नसेल तर कुठेतरी फट किंवा फाटा आहे, ती जागा हाताने शोधा. आणि रेघ उलट्या टोकाकडून काढलेली नाही ना, हे सगळ्यात आधी बघा. असेल तर एसटी_रिव्हर्स.

जलवाहिनीवरच्या नोंदी कशा बसवायच्या, हेही तुम्ही विचारलंय. तिथे दगडांऐवजी एअर व्हॉल्व्ह (हवा सोडणारे) आणि स्कावर व्हॉल्व्ह (गाळ-पाणी बाहेर काढणारे) आधाराला घ्या, आणि फाट्याला स्वतःचा क्रमांक द्या, मुख्य वाहिनीच्या मापात मोजू नका. नकाशावरचं अंतर आडवं आहे की पाइपाच्या उतारावरचं, हे विचारून घ्या. 1:10 च्या चढावर हजार मीटरमागे पाचेक मीटरचा फरक पडतो. खड्डा खणणाऱ्याला तो पुरेसा असतो.

मोऱ्यांच्या तक्त्यात मात्र रस्ता क्रमांक आणि 14.6 एवढंच ठेवा. बिंदू व्ह्यूमधून (दर वेळी नव्याने हिशेब करणाऱ्या साठवलेल्या क्वेरीतून) काढा. रेघ पुढे सुधारली, की फक्त दगड पुन्हा बसवायचे.