टपाला भोक न पाडता व्हॅनवर सोलर पॅनल बसवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली आहे, आत झोपायची आणि चहा-जेवणाची सोय करताय. घराच्या गच्चीवर सोलर बसवलं तेव्हाचं ५४० वॅटचं एक पॅनल उरलंय. टपाला ड्रिल न मारता ते वर चिकटवून टाकलं तर चालेल का?

भोक न पाडता पॅनल नक्की बसतं. पण नुसतं चिकटवून मी बसवणार नाही, आणि ते ५४० वॅटचं तर नाहीच. मी स्वतः जुन्या ओम्नीवर हा उद्योग दोनदा केला आहे. पहिल्यांदा चुकला म्हणून दुसऱ्यांदा करावा लागला.

आधी तुमच्या पॅनलचं बघू. ते सुमारे साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ किलोच्या आसपास असेल. वजनाची मला फार भीती नाही, ट्रॅव्हलरचा टप तेवढं सहज पेलतो. भीती वाऱ्याची. ताशी १०० किलोमीटरने जाताना समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. तुमचं पॅनल अडीच चौरस मीटरचं आहे, म्हणजे १२० किलो झाले. त्यात एक्सप्रेस-वेवर समोरून ४० चा वारा आला की हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो, कारण हा दाब वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. सगळा दाब पॅनल वर उचलण्यातच जातो असं नाही. पण फिटिंग करताना तसंच धरून चालायचं. मागून कोणी बाइकवर येत असतं.

दुसरी अडचण विजेची. ५४० वॅटचं पॅनल चालू असताना साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देतं. पॅनल आणि बॅटरी यांच्या मधे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो. दुकानात हजार-बाराशेला मिळणारा साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा लावलात, तर तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. १३ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर, म्हणजे १७० वॅट. बाकीचे ३७० वॅट गेले वाऱ्यावर. त्या पॅनलला एमपीपीटी कंट्रोलरच हवा, म्हणजे जादा व्होल्टेज वाया न घालवता त्याचं चार्जिंगच्या अँपिअरमध्ये रूपांतर करणारा, तोही ४० अँपिअरचा, आणि त्याची किंमत विचारलीत की फुकटचं पॅनल तेवढं फुकट राहत नाही.

त्यापेक्षा १६०-१७० वॅटची, बारा व्होल्टवाली दोन पॅनल घ्या. प्रत्येकी साधारण पाच फूट बाय सव्वादोन फूट, वजन बारा किलोच्या आत. टपावर मधे हवा खेळायची झडप किंवा पंखा बसवायचा असेल तर त्यालाही जागा उरते. पुण्याच्या उन्हात दोन्ही मिळून दिवसाला एक युनिटभर वीज देतील. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि मोबाइल एवढ्यात भागतात. एसी आणि इंडक्शन यांचं नाव काढू नका. पावसाळ्यात वीज बरीच कमी मिळेल, तेव्हा गाडी चालताना अल्टरनेटरवरून बॅटरी चार्ज करायची सोय वेगळी ठेवा.

आता चिकटवण्याचं. माझी पहिली चूक हीच. मी पातळ, वाकणारी पॅनल आणली होती, कागदासारखी हलकी. दुकानदार म्हणाला, टेप लावा आणि विसरून जा. पहिला उन्हाळा छान गेला. दुसऱ्या मे महिन्यात त्यावर तपकिरी डाग पडले, मधे फुगा आला आणि जून उजाडेपर्यंत पॅनल बंद पडलं. कारण साधं आहे. पॅनलचे वॅट मोजतात ते २५ अंशांवर. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. काचेच्या पॅनलचासुद्धा पारा आपल्याकडे दुपारी ६५ अंशांवर जातो, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. पत्र्याला चिकटवलेल्या पॅनलखाली तर तापलेला तवा असतो आणि हवेला वाट नसते. शिवाय ती गरमी सरळ तुमच्या अंथरुणावर उतरते. काचेचं पॅनल टपापासून दीड-दोन इंच उचलून बसवलं की खालून वारा वाहतो, पॅनल थंड राहतं आणि टपाला फुकट सावली मिळते. दुसऱ्या फिटिंगनंतर गाडीतला दुपारचा उकाडा कमी झाला, हे मला विजेपेक्षा आधी जाणवलं.

काचेच्या पॅनलची फ्रेम पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवता येते, हे खरं. मेलबर्नला माझा चुलतभाऊ कॅराव्हॅन ओढत फिरतो, त्याची पॅनल तशीच आहेत. कोपऱ्यांना प्लास्टिकचे ठोकळे आणि खाली गोंद. पण त्याच्या कॅराव्हॅनचा टप म्हणजे फोमवर चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यात स्क्रू धरतच नाही, म्हणून ते लोक चिकटवतात. तुमची गाडी जुनी. टपाला किती वेळा रंग मारलाय आणि खाली पुट्टी किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसेल. गोंद कितीही तगडा असो, तो रंगाला चिकटतो. रंग सुटला की पॅनल रंगासकट जातं. चिकटवायचंच असेल तर तेवढी जागा पत्र्यापर्यंत घासा, पुसा, प्रायमर मारा आणि मग लावा. आणि हार्डवेअरमधलं व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन कधीही नको, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो.

माझ्या मते चांगला रस्ता पन्हळीचा. टपाच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जाण्यासाठी जी पन्हळ असते, तिलाच लगेज कॅरियरचे पाय क्लॅम्पने पकडतात. तुमच्या गाडीला कॅरियर असेल तर अर्धं काम झालंच. नसेल तर फॅब्रिकेटरकडून दोन-तीन आडव्या पट्ट्या पायांसकट करून घ्या, पुढेमागे पॅनलच्या बोल्टच्या भोकांशी जुळतील अशा. माप घ्यायला पॅनल सोबत न्या, कागदावरचं माप देऊ नका. लोखंडी चॅनल असेल तर गंजरोधक रंग मारून घ्या आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमशी जिथे टेकेल तिथे नायलॉनचा वॉशर घाला. दोन धातू एकमेकांना लागले आणि त्यात कोकणची खारी हवा मिळाली, की वर्षभरात पांढरी भुकटी पडायला लागते. बोल्ट स्टेनलेसचे, नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्याने सहज न सुटणारे. पॅनलच्या फ्रेमला कंपनीने पाडलेली भोकंच वापरा. नवीन पाडायला गेलात आणि ड्रिल निसटलं, तर काच संपली.

पॅनलची अरुंद बाजू पुढे ठेवा. पुढच्या कडेला अँगलची एक पट्टी तिरकी लावली तर वारा खाली न शिरता वरून जातो. मागची बाजू मात्र उघडी सोडा, गरम हवा तिकडून बाहेर पडते. शिवाय स्टीलच्या बारीक दोरखंडाने फ्रेम कॅरियरला वेगळी बांधून टाका. सगळे बोल्ट सुटले तरी पॅनल रस्त्यावर पडणार नाही. माझा मेकॅनिक याला हसला होता. हसू दे.

परदेशी व्हिडिओंत पॅनल तिरकं उचलायच्या दांड्या दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका. मेलबर्नच्या ऐन हिवाळ्यात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून तीस अंशांच्या आतच असतो, त्यांना ते परवडतं. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. डिसेंबरच्या दुपारी सपाट पॅनलचा साधारण चौथा हिस्सा जातो, तो जाऊ द्या. त्यापेक्षा सावलीचं बघा. कॅरियरवरची एक बॅग, दोरीचा पट्टा, वडाचं एक मोठं पान, एवढ्यानेही पॅनलचा मोठा हिस्सा बंद पडू शकतो. म्हणून दोन पॅनल एकामागोमाग न जोडता समांतर जोडा. एकावर सावली आली तर दुसरं कमावत राहतं.

खरं तर मी दुसरं पॅनल टपावर बसवतच नाही. मुक्कामाला गेलं की आपल्याला गाडी आंब्याखाली हवी असते आणि पॅनलला उन्हात. माझं एक पॅनल वर पक्कं आहे, दुसरं दहा मीटर वायरसकट आत गादीमागे. सकाळी ते उन्हात टेकवून ठेवतो. तेवढं रात्री उचलायला विसरायचं नाही.

वायर टपातून आत घ्यायला भोक लागेलसं वाटतं, पण लागत नाही. मागच्या दाराच्या वरच्या रबराखालून ४ चौरस मिलिमीटरची सोलर वायर जाते का बघा. आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून घरंगळत आत न येता तिथेच ठिबकतं. पॅनलच्या वायरी जोडायचे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे घ्या, वेगळे जोडले की सैल बसतात आणि तापतात. कंट्रोलर बॅटरीच्या जवळ ठेवा, मधली वायर जाड आणि आखूड असू द्या, बॅटरीपाशी फ्यूज हवाच. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. तोपर्यंत पॅनलवर चादर टाका, नाहीतर ते उन्हात वीज करतच असतं. लिथियम बॅटरी घेणार असाल आणि लडाखला जायचा बेत असेल तर ती शून्याखाली चार्ज करू नका. तिच्यासाठी गाडीच्या आतच जागा ठेवा.

आरसी बुकातली नोंद कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये ते आहे. बोल्टने सुटणारा कॅरियर आणि वेल्डिंग केलेला सांगाडा यांत फरक पडू शकतो, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे विचारून घ्या.

फिटिंग झालं की शंभर किलोमीटर चालवून सगळे नट परत आवळा आणि प्रत्येकावर मार्करने सरळ रेघ मारा. रेघ सरकलेली दिसली की नट फिरलाय. मी पंपावर पेट्रोल भरताना शिडीवर चढून एवढंच बघतो.