वाचक विचारतात : ब्लॉकच्या घराला खण असतो का?

या सदराकडे एरवी गळक्या गच्चीचे आणि ओल धरलेल्या भिंतींचे प्रश्न येतात. या वेळी मात्र पत्रांच्या गठ्ठ्यात माइनक्राफ्ट या खेळातील घरांविषयी विचारणा करणारी काही पत्रे निघाली आणि ती वाचल्यावर बाजूला सारवेनात. ज्यांच्या घरी हा खेळ पोचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की त्यात माती, दगड, लाकूड यांचे एकेक मीटर लांबी-रुंदी-उंचीचे ब्लॉक असतात आणि ते एकमेकांवर रचून हवे ते बांधता येते. बांधकामाचे नकाशे काढण्यात माझी हयात गेली असली, तरी हा खेळ मला नातवाने शिकवला, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. व्हिडिओ पाहून मध्ययुगीन घर बांधले की ते अगदी तसेच होते. पण तेच घर थोडे मोठे करायला गेलो किंवा स्वतःच्या मनाने नवे बांधले, की त्याचा डबा होतो. छप्पर तर नेहमीच फसते. खरे वाटेल असे घर स्वतःचे स्वतः बांधायला कसे शिकावे? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेली तिन्ही चित्रे पाहिली. भिंतीसाठी ब्लॉक चांगले निवडले आहेत, खिडक्याही एका रेषेत आहेत. उणे आहे ते इतकेच, की ते घर कशाच्या आधाराने उभे आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. या खेळात भार नाही. वाळू, खडी असे मोजके ब्लॉक सोडले तर बाकीचे खालचा आधार काढून घेतला तरी अधांतरी राहतात, त्यामुळे खेळ तुमची चूक कधी दाखवतच नाही. आपले डोळे मात्र खऱ्या घरांत वावरून तयार झालेले असतात आणि छपराचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर आणि खांबाचा जोत्यावर उतरताना दिसला नाही, तर कारण सांगता आले नाही तरी ते घर त्यांना खोटे वाटते. व्हिडिओ करणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडलेला असतो; तुम्ही त्याचे फक्त उत्तर उतरवून घेता, म्हणून आकडे बदलले की गणित चुकते.

हा हिशेब खणापासून, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरापासून सुरू होतो. आपल्याकडची जुनी माणसे अजूनही ‘पाच खणांचा सोपा’, ‘तीन खणांचे माजघर’ असेच बोलतात. इंग्लंडमधील मध्ययुगीन लाकडी चौकटीचे घरही असेच खणांत मोजले जाई आणि तिथला एक खण साधारण पंधरा-सोळा फुटांचा, म्हणजे खेळातल्या सुमारे पाच ब्लॉकचा भरे. तुम्ही सरावासाठी चार ब्लॉकचा खण धरावा, म्हणजे एक खांब, तीन ब्लॉक मोकळे आणि पुन्हा खांब. खऱ्यापेक्षा तो थोडा तोकडा असला, तरी मधोमध खिडकी नेमकी बसते. असे तीन खण घेतले की घराची लांबी तेरा ब्लॉक होते आणि रुंदी सात ठेवावी. घर मोठे करावेसे वाटले, तर खण ताणू नये, शेजारी चौथा खण जोडावा आणि लांबी सतरा करावी. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात जुनी घरे सोडवून आणून पुन्हा उभी केलेले वील्ड अँड डाउनलँड नावाचे संग्रहालय आहे. तिथल्या बेलीफ या शेतघराचा मुख्य भाग पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे आणि पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या एका टोकाला नवा खण जोडलेला आहे. घर वाढवण्याची रीत तेव्हाही हीच होती.

खांब थेट मातीत रोवले तर त्यांचे बूड कुजते, म्हणून आधी एका थराचे दगडी जोते घालावे. त्यासाठी कॉबलस्टोन, साधा दगड आणि अँडसाइट मिसळून वापरावेत. एकाच जातीचा दगड लावला तर जोते फरशीसारखे दिसते. खांबांसाठी ओकचे ओंडके उभे लावावेत आणि वर तुळई आडवी घालावी. इथे एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ओंडका उभा राहणार की आडवा, हे तुम्ही तो कोणत्या पृष्ठभागाला टेकवता यावर ठरते. जमिनीवर किंवा दुसऱ्या ब्लॉकच्या माथ्यावर ठेवला तर तो उभा राहतो आणि बाजूच्या अंगाला चिकटवला तर आडवा होतो. आडव्या तुळईचे टोक भिंतीबाहेर एक ब्लॉक काढले, की त्यावरची गोल वलये दिसतात आणि तुळई आरपार गेली आहे हे लांबूनही ओळखू येते. चित्रातल्या तुमच्या तुळयांची साल उभी आहे, म्हणजे तुम्ही आडव्या तुळईच्या जागी उभ्या खांबांचे तुकडे ओळीने मांडले आहेत.

खांबांच्या मधली भिंत एक ब्लॉक आत घ्यावी. खऱ्या घरात भिंत आणि खांब बहुधा एका पातळीत असतात, तेव्हा हे खरे पाहता खोटेच आहे. परंतु जिथे सगळ्यांत लहान माप मीटरभराचे आहे तिथे सावली पडायला दुसरा उपाय नाही आणि सावलीवाचून चौकट दिसत नाही. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरका आधार म्हणून पायरीचा ब्लॉक उलटा लावावा.

आता छप्पर. माझ्या पहिल्या घराची रुंदी मी आठ ठेवली होती. दोन्ही बाजूंनी पायऱ्यांचे ब्लॉक चढवत वर गेलो, तर माथ्यावर दोन ब्लॉक रुंदीचा सपाट पट्टा उरला आणि तो काही केल्या झाकेना. नातू हसला आणि म्हणाला, ‘आजोबा, रुंदी विषम हवी.’ सात रुंदीच्या घराला दोन्हीकडे एकेक ब्लॉकची वळचण दिली की छपराची रुंदी नऊ होते; प्रत्येक बाजूला पायऱ्यांच्या चार ओळी आणि मध्ये आढ्याचा एक ब्लॉक, असे पाच थर होतात. खालची भिंत तीन ब्लॉक उंच असेल, तर छप्पर भिंतीपेक्षा उंच झाले. नवशिका इथेच घाबरतो आणि छप्पर दाबतो. वास्तविक गवती छप्पर पंचेचाळीस अंशांहून फार सपाट केले तर पाणी निथळत नाही, आत मुरते; म्हणून तिकडच्या जुन्या घरांचा निम्म्याहून अधिक भाग छप्परच असे. वळचणही शोभेसाठी नसते. मातीने लिंपलेल्या भिंतीवर पागोळ्या पडू नयेत, एवढ्यासाठी ती बाहेर काढलेली असते.

सराव म्हणून महिनाभर भिंती बांधूच नका. क्रिएटिव्ह प्रकारात सपाट जग घ्या, तीन खणांची नुसती चौकट आणि छपराचा सांगाडा उभारा, लांब जाऊन पाहा, पाडा आणि पुन्हा उभारा. नुसता सांगाडा पाहून घर ओळखू येऊ लागले, की भिंती भरायला घ्या.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. माझे विद्यार्थी या खेळात युरोपातील जुनी घरे करताना लाकूड अगदी काळे आणि भिंत पांढरीशुभ्र ठेवतात. रंगांची ही जोडी खरी मानावी का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : फारशी मानू नये. इंग्लंडमधील काळ्या-पांढऱ्या घरांचे आजचे रूप बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील आवडीने घडवलेले आहे. त्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी ओकचे लाकूड उघडेच ठेवत आणि ते उन्हापावसाने रुपेरी करडे होई, किंवा लाकूड आणि भिंत दोन्हींवरून चुन्याचा हात फिरवीत. तेव्हा विद्यार्थ्यांना डार्क ओकऐवजी साध्या ओकचा ओंडका घ्यायला सांगावे आणि भिंतीला पांढऱ्या काँक्रीटऐवजी कॅल्साइट द्यावे. काँक्रीट ट्यूबलाइटखाली धरलेल्या कागदासारखे दिसते.

गरिबाचे घर असेल तर भिंत मातीच्या रंगाचीच ठेवावी. त्या भिंतीची रीत आपल्या मुलांना समजावून सांगावी लागू नये. तिकडे हेझलच्या फोका विणून त्यांवर चिकणमाती, पेंढा आणि शेण यांचा गिलावा करीत. आपल्याकडे तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड घालून तो शेणामातीने लिंपतात. २०२२ मध्ये या खेळात चिखलाचे ब्लॉक आले. मातीवर बाटलीतले पाणी ओतले की चिखल होतो आणि चिखलात गहू मिसळला की पॅक्ड मड तयार होते. भुसा घालून माती तुडवलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कृती पाहून गंमत वाटेल, फक्त भिंतीसाठी चांगला गहू मातीत घालवणे आपल्या घरी कोणी खपवून घेतले नसते.

प्रश्न : मी गवताच्या पेंढ्यांचे छप्पर केले, दगडी चिमणी बांधली, चुलीत नेदररॅक पेटवला आणि सगळे घर जळाले. काय चुकले? (इयत्ता सातवीतील वाचक, लातूर)

उत्तर : नेदररॅक या खेळातल्या दगडावरची आग विझत नाही आणि जवळच्या गवताला व लाकडाला लागते. तिच्या जागी कॅम्पफायर ठेवा. ती पसरत नाही. तिच्याखाली पेंढीचा ब्लॉक पुरला, तर धूर अधिक उंच जातो.

दुसरे असे, की साध्या शेतकऱ्याच्या घराला चिमणी देण्याची घाई करू नका. इंग्लंडमध्ये सामान्य घरांना चिमण्या सर्रास होऊ लागल्या त्या सोळाव्या शतकात. त्याआधी मोठ्या खोलीच्या मधोमध उघडी आगटी असे आणि धूर आढ्याजवळच्या झरोक्यातून बाहेर पडे. खिडक्यांना काचही घालू नका, लाकडी झडपा पुरेत. त्यासाठी खेळातले ट्रॅपडोर, म्हणजे बिजागरीची छोटी झडप, चांगले दिसतात. गवती छपराचा प्रश्न मात्र तुमच्या एकट्याचा नाही. १२१२ मध्ये लंडनमध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर शहरातल्या नव्या घरांवर गवती छप्पर घालायला बंदी झाली. शहरातले घर बांधत असाल तर छपराला विटेच्या पायऱ्या वापरा आणि वरचा मजला रस्त्याच्या बाजूला एक ब्लॉक पुढे काढा. यॉर्क शहरातील शॅम्बल्स नावाच्या गल्लीतली घरे अशीच वरच्या मजल्यावर एकमेकांकडे झुकलेली आहेत.

प्रश्न : माझी नातवंडे दिवसभर जर्मनीतली नि इंग्लंडातली घरे बांधत असतात. मध्ययुग काय फक्त तिकडेच होते? आमच्याकडे देवगिरी आहे, परंडा आहे, नळदुर्ग आहे. त्यांना आपले घर बांधायला शिकवता येणार नाही का? (एक ज्येष्ठ वाचक, कळंब)

उत्तर : अवश्य येईल. मात्र किल्ल्यापासून सुरुवात करू नये, मुले तटावरच थकतात. माळवदाचे घर घ्यावे. तीव्र उताराचे छप्पर हा मध्ययुगाचा नव्हे, गवताचा आणि पावसाचा हट्ट आहे. आपल्याकडे पाऊस कमी, मोठे लाकूड दुर्मीळ आणि ऊन कडक, म्हणून घर सपाट आणि छप्पर मातीचे. नातवंडांना तीच चौकट उपयोगी पडेल, कारण खांब, तुळई आणि खण इथेही आहेत. फक्त आपला खण लहान असतो. औशाजवळच्या माझ्या आजोळच्या घराचा खण मी एकदा दोरीने मोजला, तो पावणेसहा फूट भरला, म्हणजे खेळातले दोन ब्लॉकही पुरते नाहीत. अशा मापात पूर्ण ओंडक्याचे खांब लावले तर सोप्याचे जंगल होते. म्हणून एक तर कुंपणाच्या ब्लॉकचे सडपातळ खांब करावेत, नाही तर सगळे घर दुप्पट मापाने बांधावे. मी दुसरा मार्ग सुचवेन.

बाहेरची भिंत दगडाची आणि दोन ब्लॉक जाड घ्यावी, रस्त्याच्या बाजूला खिडकी जवळजवळ नसावी. तुळयांवर स्लॅबचा, म्हणजे खेळातल्या अर्ध्या उंचीच्या ब्लॉकचा, एक थर किलच्या (तुळयांवर अंथरायच्या लाकडी फळ्या) म्हणून घालावा आणि त्यावर पांढऱ्या मातीसाठी पॅक्ड मडचा एकच थर द्यावा. खऱ्या माळवदावर दर काही वर्षांनी नवी माती पडत जाई आणि ओझे वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि ते ओझे मिळून काय झाले, हे तुम्हांला मी सांगायला नको. नातवंडांना मात्र तो थर जाड का करायचा नाही, हे बांधतानाच सांगावे.

माळवदाच्या कडेने एक ब्लॉक उंचीचा कठडा, त्यात पाणी जायला पन्हळ, आणि स्वयंपाकघराच्या बरोबर वर एक ब्लॉकचे साणे ठेवावे. लातूरच्या बालवाचकाला वर सांगितलेला झरोका आणि हे साणे यांचे काम एकच. त्यावर झाकण म्हणून ट्रॅपडोर बसते. आमच्या आजोळी ती सोय नव्हती. पावसाची सर आली की साण्यावर घमेले पालथे घालायला आम्हा पोरांना शिडीवरून वर पिटाळत आणि खाली येईपर्यंत चुलीवरच्या भाकरीवर दोन-चार थेंब पडलेलेच असत.