भावाच्या जिमच्या बॅगेत इंजेक्शनच्या बाटल्या सापडल्या, थेट व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं का?

ताई, भाऊ दारूला शिवत नाही, रोज जिमला जातो आणि बाटलीवर मेफेनटर्मिन लिहिलंय, मग याला व्यसन म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. व्यसनच आहे.

सांगलीत माझं मेडिकल आहे. कमरेत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी घसरलं तर ते वर आणायला हे औषध असतं, तेही मॉनिटर लावून, भूलतज्ज्ञाच्या हातात. त्यानं अंगावर मांस चढत नाही. दमलेल्या माणसाला दमल्याचं कळत नाही, एवढंच. तालमीतल्या पोरांसाठी सांगतो, स्पर्धेत 'वाडा' म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था, तिच्या बंदी यादीतही हे आहे.

माझ्या चुलतभावाची जिम आहे. एकदा ऐन गर्दीच्या वेळी काउंटरवर येऊन म्हणाला, "दादा, एक बॉक्स दे. पोरं बाहेरनं मागवत्यातच, घरातला पैसा घरात राहील." चिठ्ठी कुठाय म्हटल्यावर गिऱ्हाइकांसमोर सुरू झाला, "लई शहाणा तू! मी काय पावडर विकतोय का? औषध हाय, कंपनीत बनतंय, बिल असतंय." दिलं नाही. पुढं त्याच्याच जिममधलं एक पोरगं आईबरोबर ॲसिडिटीची गोळी मागायला आलं. शर्ट घामानं चिंब, बुबुळं मोठी झालेली, दातावर दात घासत होतं. मी बीपीचा पट्टा बांधला, वरचा आकडा १८० च्या पुढं. गोळी न देता रिक्षात घालून सिव्हिलला पाठवलं. जीव वाचला, पण मोबाईलमधून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय, हे त्याच्या डोक्यातून बरेच दिवस जाईना. यावर आमच्या बंधूंचं निदान काय, तर "त्याचं खाणं बरोबर नव्हतं."

२०२४ ला कुपवाड एमआयडीसीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे नशेचं ड्रग सापडलं, २०२५ ला विट्याजवळ कारखानाच सापडला, तेव्हा याच गड्यानं घरच्या ग्रुपवर बातम्या टाकल्या, "बघा, ड्रग्ज याला म्हणत्यात." एमडीला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागतो, या बाटलीला डॉक्टरच्या चिठ्ठीचा नियम. कायद्यात एवढा फरक आहे, पण टोचणाऱ्याच्या काळजाला त्याचा काय उपयोग?

आता केंद्राचं. सज्ञान माणसाला उचलून नेऊन कोंडता येत नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आडवा येतो, आणि दारावर कुलूप लावून मारहाण करणारी केंद्रं आहेतच. आधी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, ईसीजी काढून घ्या. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला पैसे पडत नाहीत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

एक राहिलंच. इंजेक्शन बंद झालं की तो अंथरुणाला खिळेल, रडेल, मरायच्या गोष्टी करेल. त्या दिवसांत एकटं सोडू नका. छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टी. सुई कुणाबरोबर वाटून वापरली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या. तुमच्या नकळत तो दारूही पीत असेल तर मात्र ती घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते.

आणि बाटल्या फेकू नका. लेबलवरच्या बॅच नंबरचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या. माल कुठल्या दुकानातून फुटला ते त्यावरून शोधता येतं. बिल असतंय म्हणतात ना, मग कुणाच्या नावावर फाडलंय ते बघूच.