गाठ आहे, तर काढत का नाहीत?

प्रश्न : माझं वय 33. दुसरं सिझर होऊन दोन वर्षं झाली. दिवाळीत चकल्या पाडताना ओट्याची कड पोटाला लागली की एकाच जागी दुखायचं. चाचपून पाहिलं तर बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, मोठ्या लिंबाएवढी गाठ. घराजवळच्या सर्जननी सांगितलं, ‘चरबीची आहे, शनिवारी या, सोमवारी घरी.’ माझी नणंद नर्स आहे. तिने हट्टाने आधी सुईची बायोप्सी करायला लावली. रिपोर्ट आला, डेस्मॉइड. मग मोठ्या हॉस्पिटलात गेलो. अडीच तास बसल्यावर डॉक्टर म्हणाल्या, ‘एमआरआय करा, दोन महिन्यांनी दाखवा.’ ना गोळी, ना औषध. सासूबाई म्हणतात, कॅन्सर पोटात ठेवून कोणी घरी बसतं का? शनिवारवाल्या सर्जनकडेच जाऊ का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नका जाऊ. आणि नणंदेला एक चांगली साडी घ्या.

एवढं ठासून लिहिते, कारण तो शनिवारवाला सर्जन एकेकाळी मी होते. गिरगावातल्या एक बाई, तीन मुलांची आई, तशीच गाठ. सोनोग्राफीत ‘लायपोमा’, म्हणजे चरबीची गाठ, असं लिहिलेलं. मी तेवढीच जागा बधिर करून चीर दिली. चरबीची गाठ असती तर शेंगेतल्या मटारासारखी टपकन बाहेर आली असती. ही पांढरी, रबरासारखी चिवट; सुरी तिच्यावरून करकरत जात होती. आणि कड म्हणून सापडेना, सगळीकडून स्नायूत रुतलेली. हाताला लागली तेवढी काढली आणि टाके घातले. सव्वा वर्षात त्याच टाक्यांखाली ती परत आली, आधीपेक्षा मोठी. मग माझ्या सरांनी पोटाच्या भिंतीचा तळहाताएवढा तुकडा स्नायूसकट काढून जाळी बसवली. त्या बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते जास्त टोचतं.

सासूबाईंना सांगा, ही डेस्मॉइड गाठ कॅन्सरसारखी फुप्फुसात, यकृतात जात नाही. जिथे आहे तिथेच आजूबाजूला घुसते, हा तिचा खोडसाळपणा. ‘डेस्मॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत बंध किंवा पट्टा. त्यावरून 1838 मध्ये योहानेस म्युलर यांनी हे नाव दिलं. दहा लाखांत वर्षाला दोन ते चार जणांना होते, त्यामुळे तुमच्या सर्जनवर रागावू नका, त्यांनी कदाचित पाहिलेलीच नसेल. पण बाळंतपणानंतरच्या दोन-चार वर्षांत पोटाच्या भिंतीत घट्ट गाठ आली, तर तिची आठवण व्हायलाच हवी. मी पेशंटला उताणं झोपवून नुसती मान उचलायला सांगते. पोट ताठ झाल्यावर गाठ हाताखालून नाहीशी झाली, तर ती आत, पोटात. जागच्या जागी घट्ट राहिली, तर भिंतीत. खोकल्यावर पुढे येऊन दाबल्यावर आत जाणारी बहुधा हर्निया. याला पैसे पडत नाहीत.

आता तुमची खरी तक्रार, ‘काहीच केलं नाही’. 2018 मध्ये डेस्मॉइडवर सोराफेनिब नावाच्या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली. गोळी घेणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांची गाठ चांगली आक्रसली. पण ज्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली होती, त्यांच्यातही 20 टक्क्यांची आक्रसली! आपोआप. मला हे वाचून गिरगावच्या बाई आठवल्या. म्हणूनच आज जगभरचे तज्ज्ञ सुरुवातीला नजर ठेवायला सांगतात : पहिला एमआरआय, महिना-दोन महिन्यांनी दुसरा, मग तीन ते सहा महिन्यांच्या अंतराने. तुम्हाला टोलवलेलं नाही, तुमचे उपचार सुरू झाले आहेत. तारीख चुकवू नका.

गाठ एका एमआरआयमध्ये जरा वाढलेली दिसली म्हणून घाबरून सुरी मागायची नाही. वाढतच राहिली किंवा दुखणं सोसेना, तर पुढचं पाऊल. पोटाच्या भिंतीतली गाठ असेल तर त्या वेळी ऑपरेशन हा चांगला मार्ग आहे, कारण इथे जाळी लावून भिंत पुन्हा बांधता येते. ते मात्र अशा गाठी नेहमी काढणाऱ्या टीमकडूनच. नाहीतर गोळ्या आहेतच.

बायोप्सीच्या काचा (स्लाइड्स) आणि मेणात जपलेला गाठीचा तुकडा (ब्लॉक) लॅबमधून मागून घ्या आणि मोठ्या हॉस्पिटलात द्या, तिथले पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतील. रिपोर्टमध्ये ‘बीटा-कॅटेनिन’ची (डेस्मॉइडची खात्री करायला बघतात ते प्रथिन) तपासणी आहे का तेही विचारा. माहेरी कुणाला तरुणपणी आतड्यात पुष्कळ कोंब किंवा आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर पुढच्या भेटीत आपणहून सांगा. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, लागेल. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर तोही सांगा. गरोदरपणात गाठ वाढू शकते, पण म्हणून गरोदरपणाला मनाई नसते, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

तोवर पोळ्या लाटताना ओट्यापासून वीतभर लांब उभ्या राहा.

प्रश्न : सिझरच्या टाक्याशीच सुपारीएवढी गाठ आहे. पाळीच्या दिवसांत सुजते, ठणकते, मग कमी होते. हीच का ती?
– लालबाग

उत्तर : बहुधा नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कण टाक्यात राहून गेला की असं होतं. पाळीच्या तारखा आणि दुखण्याचे दिवस दोन महिने कॅलेंडरवर लिहा आणि ते कॅलेंडरच डॉक्टरांपुढे ठेवा. सोनोग्राफी करून घ्या. ही गाठ मात्र भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट काढूनच टाकतात. हॉर्मोनच्या गोळ्यांनी दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं.