हेड न उतरवता व्हॉल्व्ह स्प्रिंगा बदलणे: हवेपेक्षा दोरी बरी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होंडा सिटी १.५ व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा), २००१ ची. खाली मस्त ओढते, पण साडेपाच हजार आरपीएमच्या वर फटफट करून जोर सोडते. मेकॅनिक म्हणतो व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसल्या, हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवावं लागेल. आर्वीजवळ घरच्या टिनाच्या शेडमध्ये हे काम जमेल का?

जमेल, आणि हेडही उतरवायचं नाही. पण दुखणं स्प्रिंगांचंच आहे का ते आधी पाहा. पेट्रोल फिल्टर चोंदला, डिस्ट्रिब्युटरची कॅप झिजली, प्लगची वायर गळकी झाली, तरी गाडी वर असंच करते. ऑइल कमी असलं तर व्हीटेक लागतच नाही आणि मालकाला वाटतं इंजिन मेलं. हे सगळं स्वस्तातलं आहे, ते आधी तपासा. मग इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडा आणि आरपीएम हळूहळू चढवा. काट्याची थरथर आरपीएमसोबत वाढत गेली, तर संशय स्प्रिंगांवर. कमजोर स्प्रिंग वरच्या वेगात रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणारा हात) कॅमवर (त्याला हलवणारा उंचवट्यांचा दांडा) दाबून धरू शकत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येत असेल तर ते व्हॉल्व्हवरच्या तेल अडवणाऱ्या सीलचं काम, स्प्रिंगचं नाही. पण स्प्रिंग काढलीच आहे तर सीलही त्याच फेरीत बदला, दुसऱ्यांदा उघडण्यात अर्थ नाही.

आणि हो, विदर्भाच्या उन्हाने स्प्रिंगा जात नाहीत. त्या तशाही शंभर डिग्रीच्या तेलात आयुष्य काढतात. त्यांना खातो तो पावसाळाभर शेडमध्ये उभ्या गाडीतला दमटपणा. तारेवर गंजाचा बारीक खड्डा पडतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

सामान: स्प्रिंगा १६, सील १६ (८ इनटेकचे, ८ एक्झॉस्टचे), टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कॅमचं ऑइल सील, लिक्विड गॅस्केट, फिलर गेज, टॉर्क पाना, चुंबकाची काडी आणि ६ मिमीची गुळगुळीत नायलॉन दोरी दीड मीटर. व्हॉल्व्हचे लॉक (स्प्रिंगची टोपी व्हॉल्व्हला अडकवणारे छोटे तुकडे, एका व्हॉल्व्हला दोन) ३२ असतात. जुने चालतात, पण चार-सहा जास्तीचे मागवून ठेवा, एखादा उडतोच. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर तोही घ्या. हे इंजिन बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकवणारं आहे.

आता दोरी कशाला? स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला वर धरणारं काही उरत नाही, तो सिलिंडरमध्ये उतरतो. शहरातले लोक प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून त्याला धरतात. आपल्याकडे नेमकी लॉक काढल्यावर लाईन जाते, टाकी फुसफुसत रिकामी होते आणि व्हॉल्व्ह खाली. शिवाय हवेच्या दाबाने क्रँक (पिस्टनखालचा मुख्य दांडा) अचानक फिरतो, बोटं कुठेही असोत. दोरीला लाईन लागत नाही.

प्लग काढा, पुढचं डावं चाक उतरवा, क्रँकचा बोल्ट तिथून हाती लागतो. पुलीकडून पाहिलं तर हे इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, क्रँक त्याच दिशेने फिरवा. पण झटका देऊ नका, त्या दिशेने जास्त जोर लावला तर बोल्ट सैल होऊ शकतो. एक नंबर सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा: कॅमपुलीवरचं ‘अप’ वर, क्रँकपुलीची पांढरी खूण जागेवर. डिस्ट्रिब्युटर कसा बसला होता त्याची खूण करून तो काढा. मग बेल्ट कॅमपुलीवरून सरकवा, रॉकरचा पूर्ण सेट बोल्टसकट एकत्र उचला आणि कॅम बाहेर घ्या. उचलण्याआधी रॉकर रबरबँडने बांधा, नाहीतर व्हीटेकच्या बारीक पिना हातात येतात. खालचा बेल्ट मात्र वर ताणूनच ठेवा. सैल सोडून क्रँक फिरवला की तो पुलीखाली गोळा होतो.

हेडमधली तेल उतरायची सगळी भोकं कापडाने बंद करा. कापसाचा बोळा नको, घरात कितीही कापूस पडला असला तरी. त्याचे तंतू तेलाच्या जाळीत जातात. जुन्या टेरिकॉटचा तुकडा बरा. शेजारच्या खळ्यात सोयाबीनचं थ्रेशर चालू असेल तर त्या दिवशी इंजिन उघडूच नका.

एका वेळी एकच सिलिंडर. पिस्टन चार-पाच सेंटिमीटर खाली असताना दोरी प्लगच्या भोकातून आत सारा, शेवटचं टोक गाठ मारून बाहेर. मग क्रँक हाताने फिरवत दोरी दबून अडेपर्यंत न्या. अडला की थांबा. आता चारही व्हॉल्व्ह खालून टेकलेले आहेत. स्प्रिंगवरच्या टोपीवर पान्याची गोटी (सॉकेट) ठेवून हातोडीचा हलका ठोका द्या, चिकटलेले लॉक सुटतात. हे न करता स्प्रिंग दाबायचं टूल दाबलं की लॉक उडून गवतात जातो. टूल नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टीला खिडकी पाडून लीव्हर करून घ्या, स्वस्तात काम होतं. स्प्रिंग दाबा, दोन्ही लॉक चुंबकाने उचला.

जुना सील पकडीने गोल फिरवत ओढा. नव्यांत इनटेकच्या सीलची कडी पांढरी, एक्झॉस्टची काळी. अदलाबदल चालत नाही. व्हॉल्व्हच्या टोकावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून तेल लावा, मग सील सारा. नाहीतर लॉकच्या खाचेची धार त्याचा ओठ कापते आणि महिनाभरात धूर परत. नवी स्प्रिंग बसवताना जिकडचे वेटोळे दाट आहेत ती बाजू खाली. लॉकला थोडं ग्रीस लावलं की ते खाचेत चिकटून राहतात. चारही झाल्यावर दोरी काढा, पिस्टन खाली घ्या आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन-तीन टिचक्या मारा. लॉक अर्धवट बसला असेल तर तो आत्ताच निसटू दे, चालत्या गाडीत नको.

काढलेल्या स्प्रिंगा नंबर टाकून ठेवा. सुताराच्या गुण्याला उभी लावून पाहा, झुकलेली असेल तर गेली. ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून नवी आणि जुनी सारख्याच उंचीपर्यंत दाबा. जुनी नवीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी किलो दाखवत असेल तर मेकॅनिक बरोबर होता. स्प्रिंगखाली वॉशर टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना वेटोळे एकमेकांवर टेकले तर रॉकर किंवा कॅम तुटतो. जाड ‘रेसिंग’ स्प्रिंगाही साध्या कॅमला नुसती झीज देतात.

जोडताना कॅमला भरपूर तेल, दोन्ही टोकांच्या होल्डरखाली लिक्विड गॅस्केटची बारीक रेघ, आणि रॉकरचे बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत. मोठे ८ मिमीचे २० न्यूटन मीटर, छोटे १२. क्रँक परत टीडीसीवर आणून बेल्ट चढवा, पाच-सहा फेऱ्या हाताने फिरवा. मग टेन्शनर सैल करून कॅमपुलीचे तीन दात पुढे न्या आणि टेन्शनर कसा.

टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप): इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी. पण होंडा म्हणते हेड ३८ डिग्रीच्या खाली असतानाच हे माप घ्या. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बंद गाडीचं हेडही त्याच्या वर असतं. म्हणून रात्रभर उभी ठेवा आणि पहाटे पाच वाजता गेज घेऊन बसा.

पहिल्या स्टार्टआधी डिस्ट्रिब्युटरच्या वायरचं कनेक्टर काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. पहिले काही किलोमीटर चार हजारांच्या आत चालवा. टकटक राहिलीच तर दुसऱ्या पहाटे त्याच रॉकरचा गॅप आधी पाहा.